सवलतीचा पुरावा कोणी द्यायचा?

राहते घर विकले आणि आलेल्या पैशातून दुसरे घर घेतले, तर भांडवली नफ्यावर कर लागत नाही, हे बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांना ऐकून माहीत असते. आयकर कायदा, १९६१ च्या कलम ५४ मध्ये ही सवलत होती. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाल्यावर कलमाचा क्रमांक बदलला, सवलतीचा गाभा तसाच राहिला. मात्र 'कर लागत नाही' हे वाक्य अर्धेच खरे आहे. घर विकून नफा झाला की कराचे दायित्व उभे राहतेच. सवलत त्या दायित्वातून सुटण्याची वाट देते, आणि ती वाट आपल्याला लागू आहे हे दाखवण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. माझे म्हणणे असे, की ही जबाबदारी विकणाऱ्यावर असणे योग्यच आहे. न्यायालयांनी तिचा अर्थ लावताना कागदाच्या शीर्षकापेक्षा प्रत्यक्ष व्यवहाराला अधिक मान दिला आहे. परंतु प्रत्यक्ष व्यवहार दिसतो तो त्या त्या वेळी आपोआप तयार झालेल्या कागदांतून, नोटीस आल्यावर केलेल्या प्रतिज्ञापत्रातून नव्हे.

आधी सवलतीच्या अटी पाहू, कारण प्रत्येक अट म्हणजे सिद्ध करायची एकेक वस्तुस्थिती आहे. विकणारा व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब असावा. कंपनीला किंवा भागीदारी संस्थेला ही सवलत नाही. विकलेली वास्तू निवासी घर असावी आणि ती २४ महिन्यांपेक्षा अधिक काळ मालकीची असावी. नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा नंतर दोन वर्षांत विकत घेतलेले, अथवा विक्रीनंतर तीन वर्षांत बांधलेले असावे. ते भारतात असावे, आणि एकच असावे. ही शेवटची अट २०१४ च्या वित्त कायद्याने स्पष्ट शब्दांत आणली. त्याआधी शेजारचे दोन फ्लॅट जोडून 'एक घर' म्हणता येईल का, यावर देशभर खटले चालले. पुढे २०१९ मध्ये, नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा दोन घरे घेण्याची मुभा मिळाली, आणि २०२३ मध्ये सवलतीवर दहा कोटींची कमाल मर्यादा आली. नवे घर तीन वर्षांच्या आत विकले, तर मिळालेली सवलत फिरून अंगावर येते.

या कलमाच्या इतिहासात एक बदल माझ्या मते सर्वांत बोलका आहे. मूळ तरतुदीत जुने घर विक्रीपूर्वीची दोन वर्षे मुख्यतः स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या राहण्यासाठी वापरलेले असावे, अशी अट होती. म्हणजे करदात्याला आपले राहणे सिद्ध करावे लागे, आणि राहण्याचा पुरावा नेहमीच वादाचा: शिधापत्रिका एका पत्त्यावर, नोकरी दुसऱ्या गावी, आईवडील कधी इथे तर कधी धाकट्याकडे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही अट गेली. भाड्याने दिलेल्या घरालाही सवलत मिळू लागली, आणि सिद्ध करायची गोष्टच बदलली. आता प्रश्न तारखांचा आणि पैशांचा आहे. कोणत्या दिवशी हक्क गेला, कोणत्या दिवशी हक्क आला, दरम्यान पैसा कुठे होता? या प्रश्नांची उत्तरे कागदावर देता येतात, म्हणूनच ती कागदावर नसली तर अधिकारी सहानुभूती दाखवू शकत नाही.

पुराव्याचे ओझे करदात्यावर का, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने जुलै २०१८ मध्ये दिले. मूळ वाद घराचा नव्हता. मुंबईतील सीमाशुल्क आयुक्त विरुद्ध दिलीप कुमार आणि कंपनी या खटल्यात पशुखाद्यात घालायच्या जीवनसत्त्वाच्या पावडरीवर शुल्कसवलत मिळते का, हा प्रश्न होता. पण न्यायालयाने घालून दिलेले सूत्र करसवलतीच्या वादांत सर्रास पुढे केले जाते. कर लावणाऱ्या तरतुदीत संदिग्धता असेल तर तिचा फायदा करदात्याला, सवलत देणाऱ्या तरतुदीत संदिग्धता असेल तर सरकारला; आणि आपण सवलतीच्या चौकटीत बसतो हे सिद्ध करण्याचे काम सवलत मागणाऱ्याचे. ऐकायला हे कठोर वाटते. पण जी वस्तुस्थिती एकाच पक्षाला ठाऊक आहे ती त्यानेच दाखवावी, हे पुराव्याच्या कायद्यातले जुने तत्त्व आहे. बिल्डरला कोणता हप्ता कधी दिला, प्लॉटवर पाया कधी भरला, ताबा कधी घेतला, हे विकणाऱ्याला सहज सांगता येते. दिल्लीत किंवा चेन्नईत बसून चेहराविरहित पद्धतीने विवरणपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की सरकारला सगळे आधीच माहीत असते, मग कागद कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. ३० लाख किंवा त्याहून अधिक रकमेच्या स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीची माहिती निबंधक कार्यालयाकडून आयकर खात्याला जाते. रक्कम ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल तर खरेदीदार एक टक्का कर कापून पॅन क्रमांकासह भरतो. करदात्याच्या वार्षिक माहितीपत्रकात विक्री ठळकपणे दिसते. जी नोंदणी सरकारकडेच आहे, तिचा इंडेक्स टू पुन्हा नागरिकाकडून मागणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि तो थांबायला हवा असे माझे स्पष्ट मत आहे. पण या माहितीत काय नसते, तेही पाहावे. बांधकामावर तीन वर्षांत विटा, सिमेंट आणि मजुरीपोटी गेलेले पैसे त्यात नसतात. वाटपपत्राची तारीख नसते, ताब्याची तारीख नसते. १९९४ साली घेतलेल्या फ्लॅटची १ एप्रिल २००१ रोजीची किंमत नसते. थोडक्यात, विक्री सरकारला दिसते आणि सवलत दिसत नाही. अशा स्थितीत नोटीस येणे हा संशय नसून अपूर्ण माहितीचा परिणाम असतो.

न्यायालयांनी तारखांकडे कसे पाहिले, हे दोन निकाल शेजारी ठेवले की नीट उमगते. बीना जैन यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयापुढे असा पेच होता: नव्या फ्लॅटचा करार १९८५ चा, जुन्या मालमत्तेची विक्री त्यानंतर १९८७ मध्ये, आणि फ्लॅटची पूर्ण रक्कम देऊन ताबा घेतला तो १९८८ मध्ये. खात्याने कराराची तारीख धरली आणि खरेदी विक्रीच्या एक वर्षाहून आधीची, म्हणून सवलत नाही, असे म्हटले. न्यायालयाने रक्कम देऊन ताबा घेतल्याची तारीख धरली आणि सवलत मान्य केली. आता सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ मधील संजीव लाल निकाल पाहा. चंदीगडमधील घराचे साठेखत २७ डिसेंबर २००२ रोजी झाले, किंमत १.३२ कोटी, इसार १५ लाख. नवे घर ३० एप्रिल २००३ रोजी घेतले. मृत्युपत्रावरून कज्जा लागला आणि जुन्या घराचे खरेदीखत २४ सप्टेंबर २००४ पर्यंत लांबले. खरेदीखताची तारीख धरली तर नवे घर एका वर्षाच्या मुदतीबाहेर जाते. येथे न्यायालयाने साठेखताची तारीख धरली, कारण साठेखत झाल्यावर ते घर दुसऱ्या कोणाला विकण्याचा मालकाचा हक्क संपला होता, आणि मालमत्तेतील हक्कांपैकी एखादा हक्क संपणे हेही कायद्याच्या व्याख्येत हस्तांतरणच आहे.

वरवर पाहता हे निकाल परस्परविरोधी वाटतात: एकीकडे कराराची तारीख बाजूला सारली, दुसरीकडे तीच उचलून धरली. माझ्या वाचनाप्रमाणे दोन्हींचा तर्क एकच आहे. हक्क खरोखर कधी हलला आणि पैसा खरोखर कधी गेला, असा प्रश्न दोन्ही न्यायालयांनी विचारला. बांधकाम चालू असलेल्या इमारतीतील फ्लॅटच्या करारातून लगेच घर हाती येत नाही, म्हणून तेथे ताबा महत्त्वाचा. विकणाऱ्याने इसार घेऊन स्वतःला बांधून घेतले, तर त्याच दिवशी त्याच्या हक्कावर मर्यादा येते, म्हणून तेथे करार महत्त्वाचा. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाचाही रोख असाच राहिला. १५ ऑक्टोबर १९८६ च्या परिपत्रक क्रमांक ४७१ ने दिल्ली विकास प्राधिकरणाच्या योजनेतील वाटप हे बांधकाम मानले, आणि १६ डिसेंबर १९९३ च्या परिपत्रक क्रमांक ६७२ ने तोच न्याय सहकारी संस्था व तत्सम संस्थांच्या योजनांना दिला. पण या उदारपणाला एक आधार लागला, तो म्हणजे निर्विवाद तारखा. बीना जैन यांच्याकडे रक्कम दिल्याची नोंद होती, संजीव लाल यांच्याकडे साठेखत होते. तोंडी ठरलेल्या सौद्यावर यांपैकी कोणताच युक्तिवाद उभा राहिला नसता.

दुसरा आक्षेप बिल्डरच्या दिरंगाईचा आहे, आणि पुणे-मुंबईच्या वाचकाला तो सर्वांत जवळचा वाटेल. पैसे वेळेत दिले, इमारत पाच वर्षे अर्धवट राहिली. यात घर घेणाऱ्याचा काय दोष? न्यायालयांनीही दोष मानलेला नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हिला वाडिया प्रकरणात किमतीचा मोठा भाग मुदतीत दिला गेला आणि फ्लॅटवर करदात्याचा ताबा-अधिकार आला, याला महत्त्व दिले. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांबंदम उदयकुमार प्रकरणात, पैसा बांधकामात गेला असेल तर घर सर्वार्थाने पूर्ण नसले तरी सवलत नाकारता येणार नाही, असे ठरवले; ते प्रकरण कलम ५४ एफ चे, म्हणजे घराखेरीज इतर मालमत्ता विकून घर घेणाऱ्याच्या सवलतीचे होते, पण तर्क दोन्हींना सारखाच लागू पडतो. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्राची वाट पाहण्याची सक्ती नाही. मात्र मुदतीत पैसे दिल्याचे बँक खात्याचे उतारे, बिल्डरच्या तारीखवार पावत्या, मागणीपत्रे आणि शक्य असल्यास वास्तुविशारदाचा प्रगती-दाखला हाताशी असावा लागतो. स्वतः बांधणाऱ्याची अडचण याहून मोठी. गवंडी आणि सुतार यांना रोख दिलेल्या मजुरीची पावती सहसा कोणी घेत नाही, आणि मग तीन वर्षांनी चाळीस लाखांच्या बांधकामापैकी पंचवीसच लाख दाखवता येतात. उरलेल्या पंधरा लाखांवरची सवलत जाते, ती कायद्यामुळे नव्हे, पावतीअभावी.

न खर्च झालेल्या पैशाचे काय, या मुद्द्यावर कायदा खरोखर कडक आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक सवलती येथेच हातच्या जातात. विवरणपत्र भरण्याच्या मूळ मुदतीपर्यंत नवे घर झाले नसेल, तर उरलेली रक्कम १९८८ च्या भांडवली नफा खाते योजनेखाली बँकेत ठेवावी लागते. 'अ' खाते बचत खात्यासारखे, 'ब' खाते मुदत ठेवीसारखे. काढलेली रक्कम ६० दिवसांत घरासाठी वापरावी लागते, आणि पुढची रक्कम काढताना आधीची कशी वापरली हे 'ड' नमुन्यात लिहून द्यावे लागते. खाते बंद करायला करनिर्धारण अधिकाऱ्याची संमती लागते. साध्या मुदत ठेवीत पैसे ठेवून 'घरासाठीच ठेवले होते' म्हणणे चालत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हुमायून सुलेमान मर्चंट प्रकरणात हेच सांगितले: विवरणपत्र भरण्यापूर्वी नव्या फ्लॅटसाठी दिलेली रक्कम मान्य, नंतर दिलेली आणि या खात्यात न ठेवलेली रक्कम अमान्य, ती पुढे घरालाच गेली असली तरी. कर्नाटक आणि गुवाहाटी उच्च न्यायालयांनी अशाच प्रश्नांवर सैल भूमिका घेतली आहे. पण महाराष्ट्र आणि गोव्यातील करदात्याला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल बंधनकारक आहे, त्यामुळे बंगळूरच्या निकालावर भिस्त ठेवून इथे बिनधास्त राहणे धोक्याचे.

हा कडकपणा अन्यायकारक नाही का? पैसा शेवटी घरातच गेला, मग कोणत्या खात्यातून गेला याला काय महत्त्व, असा प्रश्न मला रास्त वाटतो. हे वेगळे खाते म्हणजे पैशाला दिलेली ओळख आहे: विक्रीचा पैसा इतर पैशांत मिसळला की नंतर कोणता रुपया घरात गेला आणि कोणता शेअर बाजारातून फिरून आला, हे कोणालाच सांगता येत नाही. एवढ्यापुरती अट समर्थनीय आहे. खाते बंद करण्यासाठी अधिकाऱ्याच्या संमतीचा फेरा मात्र वृद्ध करदात्यांना विनाकारण शिक्षा देणारा आहे, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही.

घर कोणाच्या नावावर घ्यायचे, यातही पुराव्याचाच प्रश्न दडलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २००८ मध्ये दत्तक मुलाच्या नावावर घेतलेल्या घरासाठी सवलत नाकारली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पत्नीच्या नावावरील घराला ती दिली, कारण पैसा संपूर्णपणे पतीचा होता. आपल्याकडे मुलाच्या नावावर फ्लॅट घेणे ही प्रेमाची आणि सोयीची रीत आहे. पण सवलत हवी असेल तर करारात विकणाऱ्याचे नाव हवेच, मुलाचे नाव हवे असल्यास दुसरे.

नफ्याचा आकडाही सिद्धच करावा लागतो. समजा १९९६ साली घेतलेल्या पुण्यातील फ्लॅटची १ एप्रिल २००१ ची किंमत २० लाख धरली आणि तो आर्थिक वर्ष २०२४-२५ मध्ये, २३ जुलै २०२४ नंतर, १ कोटी २० लाखांना विकला. नव्या नियमाने नफा १ कोटी आणि कर १२.५ टक्के, म्हणजे साडेबारा लाख. निवासी व्यक्तीला जुन्या पद्धतीशी तुलना करण्याची मुभा आहे: महागाई निर्देशांक ३६३, म्हणून किंमत ७२.६ लाख, नफा ४७.४ लाख, २० टक्क्यांनी कर ९.४८ लाख. दोन्हींपैकी कमी कर भरायचा. पण हे सारे गणित त्या २० लाखांवर उभे आहे. तो आकडा नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाच्या अहवालाने दाखवावा लागतो, आणि २०२० पासून तो त्या तारखेच्या मुद्रांक शुल्क मूल्याहून, म्हणजे आपल्याकडे रेडी रेकनरच्या दराहून, अधिक धरता येत नाही. मूल्यनिर्धारकाने २८ लाख लिहून दिले आणि रेडी रेकनर २० लाख दाखवत असेल, तर २० लाखच.

परदेशी असलेल्या मराठी कुटुंबांची स्थिती वेगळी आणि अधिक नाजूक आहे. अनिवासी विक्रेत्यालाही भारतात घर घेतल्यास ही सवलत मिळते, पण त्याला ती विक्रीच्या दिवसापूर्वीच सिद्ध करावी लागते. विक्रेता अनिवासी असेल तर खरेदीदाराने एक टक्का नव्हे, पूर्ण दराने कर कापायचा असतो, आणि प्रमाणपत्र नसेल तर खरेदीदार तो नफ्यावर न कापता संपूर्ण किमतीवर कापतो. वरचाच फ्लॅट न्यू जर्सीतील मालकाने १ कोटी २० लाखांना विकला, तर अधिभार आणि उपकर धरून सुमारे १५ टक्के, म्हणजे जवळपास १८ लाख रुपये, खरेदीदार कापून सरकारजमा करील. सगळा नफा दुसऱ्या घरात घालायचा असला, देय कर शून्य असला, तरीही. परतावा मिळतो, पण विवरणपत्र भरल्यावर. तोवर नव्या घराच्या हप्त्यांसाठी हवे असलेले पैसे अडकतात. यावर उपाय म्हणजे व्यवहारापूर्वी खात्याकडून कमी किंवा शून्य कपातीचे प्रमाणपत्र घेणे. त्यासाठी मूळ खरेदीचा करार, विक्रीच्या कराराचा मसुदा, नफ्याचे गणित आणि नव्या घराचे वाटपपत्र किंवा करार लागतो. खरेदीदाराची घाई येथे आड येते. पण कर कमी कापला तर खात्याचा बडगा खरेदीदारावरच पडतो, त्यामुळे विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर त्याने विसंबावे अशी अपेक्षा करणे चूक आहे.

सवलतीची तरतूद समाजोपयोगी आहे, म्हणून तिचा अर्थ उदारपणे लावावा, हा शेवटचा आणि सर्वांत वजनदार आक्षेप. १९९२ मध्ये पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाढीला प्रोत्साहन देणाऱ्या तरतुदींबाबत असे म्हटलेही होते, आणि घराची सवलत मागणारे वकील तो निकाल आजही पुढे करतात. २०१८ चा निकाल त्याच्या आड येतो का? मला दोहोंचा मेळ असा दिसतो: चौकटीत शिरताना पुरावा काटेकोर हवा, आत शिरल्यावर तांत्रिक त्रुटींवरून बाहेर काढू नये. घर सहा महिने उशिरा पूर्ण झाले, ही त्रुटी. पैसा मुदतीत गेल्याचे दाखवताच न येणे, याला त्रुटी म्हणता येत नाही.

म्हणून घर विकायचा विचार पक्का झाला, की खरेदीदार शोधण्याआधी जुना करार, भागदाखला, मालमत्ता कराच्या पावत्या आणि मूल्यनिर्धारकाचा अहवाल एका जागी आणा, नव्या घराचा प्रत्येक रुपया बँकेतून द्या, आणि विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी न खर्चलेली रक्कम भांडवली नफा खात्यात भरा. बहुतेक पगारदार आणि निवृत्त व्यक्तींसाठी ती मुदत ३१ जुलै असते.